डाव्या हाताचे अकरा फोटो

चौकशी आयोगासमोर माझा भाऊ खोटा पडला तो पोलिसांमुळे नाही, माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बिचारी म्हणायला नको.

मी इस्पितळात एक्स-रे काढते. एकवीस वर्षं झाली. पेशंट मला फोटोवाल्या बाई म्हणतात आणि मीसुद्धा आता फोटोच म्हणते. आमचं मशीन माझ्याहून थोडंच तरुण आहे. नवं कॉम्प्युटरवालं मशीन येऊन तीन वर्षं झाली, पण ते अजून लाकडी खोक्यातच आहे आणि शिपाईमंडळी त्या खोक्यावर जेवणाचे डबे ठेवतात. त्यामुळे आम्ही अजून फिल्म वापरतो, अंधाऱ्या खोलीत धुतो आणि क्लिपा लावून तारेवर वाळत घालतो.

माझा धाकटा भाऊ बस चालवायचा. घरात त्याला टिल्लू म्हणतात. पुढे सहा फूट वाढला, पण नाव काही वाढलं नाही. गेल्या वर्षी बस खात्याने चारशे कंत्राटी ड्रायव्हरांना एका नोटिशीत घरी बसवलं, तेव्हा त्यांनी मोर्चा काढला. बायका-पोरांसकट निघाले होते, माझी भावजयही होती. मोठ्या चौकात पोलिसांनी मोर्चा अडवला आणि मग जे व्हायचं ते झालं. पोलिसांचं म्हणणं, काठी उचललीच नाही; लोक घाबरून पळाले, एकमेकांच्या अंगावर पडले आणि त्यात हातपाय मोडले. ड्रायव्हरांचं म्हणणं, धरून धरून मारलं. टिल्लूवर तर वर गुन्हा दाखल झाला, पोलिसावर हात उचलल्याचा.

माणसं काहीही म्हणोत, हाड आपलं म्हणणं बदलत नाही. पळताना माणूस पडला तर तळहात टेकतो आणि हात मनगटाशी मोडतो. डोक्यावर काठी येताना दिसली तर तो हात आडवा धरतो, आणि मग करंगळीच्या बाजूचं हाड मनगट आणि कोपराच्या मध्ये मोडतं. पडून तिथे सहसा मोडत नाही. त्या दिवशी माझ्या टेबलावर तसे अकरा हात आले. अकराही डावे होते, कारण उजव्या हातात सगळ्यांच्या मागण्यांचे फलक होते. सातव्या नंबरला टिल्लू आला. बाहेर चाळीस माणसं फरशीवर पडली होती, म्हणून मी त्यालाही आधीच्या सहा जणांसारखंच सांगितलं, हात सरळ ठेव, हलू नकोस.

आता माझी चूक. फोटो काढताना फिल्मच्या डब्यावर शिशाचं एक अक्षर चिकटवायचं असतं, म्हणजे ते फोटोत उमटतं. उजव्या अंगाला आर, डाव्याला एल. एवढंसं शिसं, नखाएवढं. त्या दुपारी माझं एल हरवलं. कुणाच्या तरी चादरीला चिकटून गेलं असणार. नियम असा आहे की काम थांबवायचं, स्टोअरला लेखी कळवायचं आणि दुसरं अक्षर आल्यावर पुढे जायचं. शनिवार होता, स्टोअरला कुलूप होतं. बाहेर एक म्हातारा ड्रायव्हर आईच्या नावाने ओरडत होता. मी काय नियम घेऊन बसणार? मी आर उचलला आणि पालथा चिकटवला. हाडांचे डॉक्टर शेजारच्याच खोलीत प्लास्टर घालत होते. त्यांना दारातून ओरडून सांगितलं, “डॉक्टर, पालथा आर म्हणजे डावा!” ते म्हणाले, “बरं.” त्यांनी अकराच्या अकरा हातांना बरोबर प्लास्टर घातलं. कुणाचंही काही बिघडलं नाही.

मी सोमवारी हे कागदावर लिहून ठेवणार होते. पण रविवारी सकाळी टिल्लूला वॉर्डातून उचलून नेलं, ओल्या प्लास्टरसकट. पुढचे आठ दिवस मी आणि भावजय या चौकीतून त्या चौकीत फिरत होतो. कुठलं अक्षर आणि कुठला कागद!

सोमवारी रेकॉर्डवाले काका आले. वाळलेल्या फिल्मवर पांढऱ्या शाईने नाव-नंबर घालायचं काम त्यांचं. फार टापटिपीचा माणूस. उलटं अक्षर त्यांना बघवायचं नाही. दुकानाच्या काचेवर रंगवलेलं नाव आतून उलटं दिसतं आणि बाहेर गेलं की सरळ, तशीच ही आरपार फिल्म. काकांनी अकरा फिल्मा पालटल्या, आर सरळ करून घेतला आणि सुवाच्य अक्षरात नावं घातली. फिल्म पालटली की डावा हात उजवा होतो. हुबेहूब उजवा, मी स्वतः ओळखू शकणार नाही असा.

हे सगळं मला चौदा महिन्यांनी कळलं, तेही भावजय एक्स-रेच्या दारात येऊन रडायला लागली तेव्हा.

“वन्सं, ह्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं हो!” ती म्हणाली. मी तिला आत घेतलं, दार लावलं. ती उभ्या उभ्याच सांगत होती. पोलिसांच्या वकिलाने टिल्लूला आधी विचारलं, कुठला हात मोडला? डावा. नक्की? नक्की. बाकीच्या दहा जणांना तेच विचारलं. सगळे डावा म्हणाले. मग त्याने एक-एक फोटो खिडकीच्या काचेवर धरला आणि न्यायमूर्तींना म्हणाला, हे सगळे उजवे हात आहेत. “म्हणाला, अकरा जणांना एकच धडा पाठ करायला दिला, पण पाठ करून घेणाऱ्याने फोटो बघायची तसदी घेतली नाही. सगळे हसले. हे नुसते उभे होते, वन्सं, हात पुढे करून.”

तिच्याकडे मोबाईलवर टिल्लूचा प्लास्टरमधला एक फोटो होता, वॉर्डात काढलेला. तोही दाखवला म्हणे. वकील म्हणाला, सेल्फीत उजवं-डावं उलटं येतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

मी स्टुलावर बसले. काय झालं असेल ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. ती माझ्याकडे आशेने बघत होती. मी म्हणाले, “ते मी केलंय गं.” तिला सगळं समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “मग आता तुम्हीच निस्तराल ना?”

निस्तरायचं कसं? कागदावर एक ओळ नव्हती. प्लास्टरचे केसपेपर पोलिसांनी तपासासाठी नेले होते, ते गेले ते गेलेच. रेकॉर्डवाले काका गेल्या थंडीत वारले. राहता राहिले हाडांचे डॉक्टर. मी त्यांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि हात जोडले. खरंच जोडले. एकवीस वर्षांत मी त्या माणसापुढे नुसती मान वाकवली नव्हती.

“मी त्या दिवशी पन्नास हात बांधले,” ते म्हणाले. “कुठला डावा, कुठला उजवा, मला कसं आठवणार?”

“पण मी ओरडून सांगितलं होतं. तुम्ही बरं म्हणालात.”

“मी दिवसातून शंभरदा बरं म्हणतो, बाई.” मग त्यांनी चष्मा पुसला. “पुढच्या महिन्यात अधीक्षकाच्या जागेचा निर्णय आहे. मला आठवत नाही. तुम्हालाही आठवू नये हे बरं. अक्षर नसताना काम चालू ठेवलं हे तुम्ही लेखी कबूल करणार? नोकरी राहील का तुमची?”

घोडं इथेच अडलं होतं. दोन्ही घरं आता माझ्याच पगारावर चालत होती. टिल्लू एका गोदामावर पहारा द्यायचा, त्यात त्याच्या घराचं भाडं निघत नव्हतं. मी दार आपटून बाहेर आले. दार आपटायला काय जातं.

तिकडे शहराचे दोन तट पडले होते. टीव्हीवर रोज संध्याकाळी चार जण चार खिडक्यांत बसून एकमेकांवर ओरडायचे. बसच्या रांगेत अनोळखी माणसं तावातावाने भांडायची. एक म्हणे, पोलिसांनी काय मग फुलं उधळायची? दुसरा म्हणे, काठी कमरेखाली मारायचा नियम आहे, मग हात कसे मोडले? आमच्या कँटीनमध्येही तेच. मोठ्या सिस्टरचा मुलगा पोलिसात आहे. ती एकदा ताट बाजूला सारून म्हणाली, “माझं पोरगं त्या चौकात सकाळपासून उपाशी उभं होतं, अंगावर दगड झेलत. त्याचं कुणी बोलतं का?” ते खोटं नव्हतं. त्याच्या कपाळाचा फोटोही मीच काढला होता, मला ती खोक आठवत होती. मला तिच्याशी भांडता आलं नाही. आणि आता तर सगळ्यांच्या तोंडी एकच, की अकरा जण खोटं बोलताना पकडले गेले. रिकाम्या तोंडांना चघळायला मिळालं.

युनियनची वकीलबाई तरुण होती, पण डोकं थंड. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही सातव्या नंबरच्या बहीण आहात.”

“हाडावर ठेवतील का?” मी म्हणाले. सांधलेल्या हाडावर गाठ राहते. मोठ्या माणसाच्या हाडावर वर्ष-दीड वर्षाने ती स्पष्ट दिसते. अकरा जणांच्या दोन्ही हातांचे फोटो दुसऱ्या इस्पितळात, दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या. डाव्या हातात गाठ निघेल, जुन्या फोटोत मोडलंय त्याच जागी. उजवा स्वच्छ निघेल. मग जुने फोटो पालटलेले आहेत हे सांगायला माझी गरजच काय?

तिचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी माझ्यासमोर कुणी हसलं होतं. “पण नवे फोटो कशासाठी, हे आयोगाला तुम्हालाच शपथेवर सांगावं लागेल. आणि फोटो अकराच्या अकरा,” ती म्हणाली. “एकही फसला तर ते बाकीचे सोडून त्याच्यावरच बोट ठेवतील.”

म्हणून मी टिल्लूला रविवारी दुपारी बोलावलं. ओपीडी बंद असते, कुणी येत नाही. मला आयोगासमोर जायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, बस. त्याला यायचंच नव्हतं. गोदामावर काम आहे म्हणाला, पोट बिघडलंय म्हणाला. मी फोनवर चिडले. “तुझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघालेय आणि तुला अर्धा तास काढवत नाही?” तेव्हा आला.

डाव्या हाताचा फोटो काढला. मग म्हणाले, दुसरा ठेव. तो टेबलाजवळ उभाच राहिला.

“त्याची काय गरज आहे, ताई?”

“उजवा स्वच्छ आहे हे दाखवायचंय ना. ठेव.”

त्याने बाही वर केली आणि हात ठेवला. माझ्याकडे बघेना, छताकडे बघत होता. मी फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले, धुतली, लाल दिव्याखाली धरली. वाटलं, चुकून डावाच दोनदा काढला. मग आर बघितला. या खेपेला तो उताणा होता, मी तीनदा बघून लावला होता. करंगळीच्या बाजूचं हाड, मध्ये गाठ. डाव्याची ओली फिल्म शेजारी धरली. पट्टीने मोजलं, दोन्हीकडे मनगटापासून तेवढ्याच अंतरावर. एका धाग्याचा फरक नाही.

मी बाहेर आले. तो बाही खाली ओढून बटण लावत होता.

“कधी?” मी विचारलं.

“कोठडीत. तिसऱ्या दिवशी.” तो अगदी सहज बोलला, बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं. “मी प्लास्टर सांभाळून बसलो होतो. एक जण म्हणाला, एकटा कशाला राहतोय, जोडी लावू याला. दोघांनी हात बाकावर धरून ठेवला. तिसऱ्याने डाव्याचं माप घेतलं, ताई. प्लास्टरवर टिचक्या मारून विचारलं, कुठे मोडलंय, इथे का इथे? मी सांगितलं. मला वाटलं, तो हात सोडून देतील म्हणून विचारतायत.”

सात आठवड्यांनी जामिनावर सुटून आला तेव्हा हाड आपोआप सांधलं होतं. शेजारचं हाड धड असलं की ते सांधतं. हात मुरगळलाय म्हणून सांगितलं त्याने आम्हाला आणि आम्ही गरम पाण्याने शेकला. मी हाडांचे फोटो काढून पोट भरते आणि माझ्या भावाने वर्षभर उजव्या हाताने पाण्याची बादली उचलली नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या डोळ्यांवर कातडं होतं की काय, कोण जाणे.

“न्यायाधीशांसमोर का नाही सांगितलंस? आयोगापुढे विचारलं ना तुला, कोठडीत काही झालं का?”

“नाही म्हणालो. शपथेवर. आधी सहीही करून दिली होती, की काही तक्रार नाही म्हणून.” तो बसला. “त्यांच्याकडे मोर्चाचं चित्रीकरण आहे. त्यात ही दिसते, घोषणा देताना. सही नाही केलीस तर दगडफेकीत बायकोचं नाव घालतो म्हणाले. ती आत गेली असती तर? तिला यातलं काही माहीत नाही. तू सांगायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला.”

मी दोन्ही फिल्मा तारेवर अडकवल्या. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. पाणी ठिबकत होतं आणि आम्ही दोघं ते बघत बसलो. मग तो म्हणाला, “मला वगळ. दहा जणांचे फोटो काढा म्हण. दहा तरी सुटतील.”

“आणि तू?”

“मी खोटा तर पडलोच आहे. अजून किती पडणार?”

मला तेव्हा त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली आणि पोटाशीही घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मी म्हणाले, बरं, दहा.

मंगळवारी आयोगाचं काम होतं, एका जुन्या सभागृहात. लाकडी खुर्च्या, एका भिंतीला उंच खिडक्या, पुढे टेबलामागे निवृत्त न्यायमूर्ती. टिल्लू तिसऱ्या रांगेत बसला होता, शेजारी भावजय. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, कारण आज वन्सं सगळं निस्तरणार होत्या.

मी सगळं सांगितलं. हरवलेलं एल, पालथा आर, शनिवार, कुलूप, काका. आमच्या वकीलबाईने मला नीट पुढे नेलं. माझं सांगून झाल्यावर ती म्हणाली, दहा साक्षीदारांच्या दोन्ही हातांचे नवे फोटो काढायला परवानगी द्यावी. दहा का, हे मी तिला सांगितलं नव्हतं. भावाला नको आहे, एवढंच म्हणाले होते. ती नाराज होती, पण वेळ नव्हता.

पोलिसांचे वकील उठले. मला वाटलं होतं अंगावर येतील. पण माणूस लोण्यासारखा बोलला.

“म्हणजे नियम मोडून तुम्ही काम चालू ठेवलंत.”

“हो.”

“याचं लेखी काही नाही.”

“नाही.”

“सातव्या नंबरचे साक्षीदार तुमचे सख्खे भाऊ.”

“हो.”

“हाड खोटं बोलत नाही असं तुम्ही आत्ता म्हणालात. छान आहे. मला पटलं. काढू या फोटो, माझी हरकत नाही.” मग ते वळले आणि हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, “पण दहाच का? जखमी अकरा आहेत. सगळ्या जगाचे फोटो काढायचे आणि सख्ख्या भावाचा तेवढा नको?”

मी टिल्लूकडे पाहिलं. त्याने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. भावजय माझ्याकडे बघत होती, मग त्याच्याकडे, मग परत माझ्याकडे. तिलाही तोच प्रश्न पडला होता.

“बाई, तुम्ही शपथेवर आहात,” न्यायमूर्ती म्हणाले.

काहीतरी सांगता आलं असतं. त्याची तब्येत बरी नाही, म्हणावं. पण माझ्या तोंडून एक खोटं पकडलं गेलं असतं तर त्या दहा जणांचं काय झालं असतं? ते माझ्या मागच्या रांगेत बसले होते. तो आईच्या नावाने ओरडणारा म्हातारा ड्रायव्हर त्यात होता. मी म्हणाले, “कारण त्याचे दोन्ही हात मोडलेत.”

लेखनिकाने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“डावा चौकात मोडला. उजवा तुमच्या कोठडीत, तिसऱ्या दिवशी. डाव्याचं माप घेऊन, त्याच जागी.” माझा आवाज चढला होता, मला आवरत नव्हता. “तक्रार केलीस तर बायकोचं नाव घालू म्हणाले, म्हणून त्याने सही केली. म्हणून तो इथे नाही म्हणाला.”

“म्हणजे इथे शपथेवर ते खोटं बोलले,” वकील शांतपणे म्हणाले.

“हो. बोलला.”

“ठीक. मी तुमचं सगळं मान्य करतो असं धरा.” त्यांनी टेबलावरून सातव्या नंबरची फिल्म उचलली आणि माझ्या हातात दिली. “दोन्ही हात मोडलेत, एकाच जागी. तर मग हा फोटो कुठल्या हाताचा?”

“डाव्याचा. मी काढलाय.”

“तुम्ही बहीण आहात. बहिणीला नाही विचारत, एकवीस वर्षं फोटो काढणाऱ्या बाईंना विचारतोय. या फोटोत बघून सांगा.”

मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. काकांच्या अक्षरात माझ्या भावाचं नाव होतं. पालटून धरली, परत सरळ धरली. त्या हॉलमध्ये माझ्याइतकं हाड ओळखणारं कुणी नव्हतं. मी ठोकून दिलं असतं, की इथे बघा, हा उंचवटा बघा, हा डाव्यालाच असतो, तर टीव्हीवाल्यांनीसुद्धा लिहून घेतलं असतं. पण उद्या तीच फिल्म दुसऱ्या कुणापुढे गेली असती आणि त्याने सांगितलं असतं की असा कुठलाही उंचवटा नसतो. मग त्या दहा जणांच्या डोक्यावरही तेच खापर फुटलं असतं. मी फिल्म खाली ठेवली. 

“फोटोवरून सांगता येत नाही,” मी म्हणाले.

“धन्यवाद,” वकील म्हणाले आणि बसले.

न्यायमूर्तींनी लेखनिकाला सांगायला सुरुवात केली. दहा साक्षीदारांचे नवे फोटो दुसऱ्या इस्पितळात गुरुवारी काढावेत. सातव्या क्रमांकाच्या साक्षीदाराने शपथेवर खोटी माहिती दिल्याचं समोर आलं आहे, त्याची साक्ष विचारात घेऊ नये. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल त्याच्यावर कारवाई का करू नये, याची नोटीस द्यावी. कोठडीतल्या आरोपाबाबत लेखी तक्रार नसल्याने या आयोगाला काही करता येणार नाही. लेखनिकाने “सातव्या” हा शब्द चुकवला, तो पुन्हा सांगावा लागला.

मला जायला सांगितलं. बाहेर जायची वाट तिसऱ्या रांगेवरूनच होती. तो म्हातारा ड्रायव्हर उठून मला नमस्कार करायला लागला, मी त्याच्याकडे बघू शकले नाही. टिल्लू मान खाली घालून बसला होता. भावजयीने त्याच्या उजव्या बाहीचं बटण काढलं होतं, बाही कोपरापर्यंत सारली होती आणि अंगठ्याने ती त्याचं हाड चाचपत होती, मनगटापासून वर, हळूहळू. मध्यावर येऊन तिचा अंगठा थांबला. तिथे गाठ हाताला लागते. एवढा सहा फुटांचा माणूस, सगळ्यांसमोर हुंदके देत होता आणि ती त्याला गप्प बसा असंही म्हणत नव्हती.

मी तिच्यापाशी थांबले. शिव्या देईल म्हणून थांबले. तिने वर बघितलं. तिचे डोळे कोरडे होते.

“वन्सं,” ती म्हणाली, “ह्यांच्या सगळ्या अंगाचे फोटो काढा. आणखी कुठे कुठे मोडून आलेत ते मला बघायचंय.”